डाग पडू नये म्हणून

दोन वर्षं आम्ही बाहेरून पोरं आणली.
नागपूरची तीन, कोल्हापूरची दोन, एक इंदूरचा.
फी माफ, खोली माफ, मेसमध्ये अंडी वेगळी.
जानेवारीच्या थंडीत एकेक जण
चादरीची घडीही न करता निघून गेला.
मागे उरली हिरामणदादाच्या वहीतली उधारी
आणि सात नंबरची जर्सी, खुंटीवर.

प्राचार्य म्हणाले, सपकाळे, यंदा पैसे नाहीत.
कबड्डी बघा. मातीत होते, फुकट होते.
त्यांच्या टेबलावर आमचा जुना कप,
त्यात ते खडू ठेवतात.
मी म्हणालो, बघतो.

मग भाद्रपदभर माझी मोटारसायकल
चोपड्यातून निघणाऱ्या सगळ्या रस्त्यांवर दिसू लागली.
बायको म्हणाली, मुलगी बघायलाही लोक एवढे फिरत नाहीत.

मी पाय बघत होतो.

जिनिंगच्या दारात, कापसाच्या ट्रॉलीवर
इरफान पिंजारी कापूस तुडवत होता.
गुडघ्याएवढा रुतायचा, तरी पडायचा नाही.
जमीन दगा देते तेव्हा कुठे टेकायचं
हे त्याला कुणी शिकवलं असेल?
नाव लिहून घेतलं.

वैजापूरकडे चढावर
रेमसिंग पावरा शेळीमागे असा वळला
की शेळीही क्षणभर चुकली.
सात नंबर, मी मनातच म्हणालो.
त्याने विचारलं, सामने कधी?
दिवाळीनंतर.
त्याने बापाकडे पाहिलं. बापाने कोयत्याकडे.
दिवाळीनंतर बारडोलीचा ऊस असतो,
टोळी ठरलेली, उचल खाऊन झालेली.
मी चहा पिऊन खाली उतरलो.
वहीत त्याचं नाव पेन्सिलीनं आहे.

अडावदच्या फाट्यावर ट्रक भरत होते.
खालचा घड फेकतो, वरचा झेलतो,
मध्ये हवेत वीस-बावीस किलो केळी.
वर होता गोकुळ कोळी. बारावी पास,
मार्कशीट पत्र्याच्या पेटीत.
मी तासभर उभा राहिलो.
एकही घड सुटला नाही.

खाली ये, म्हटलं, कॉलेजात गोलकीपर हवाय.
त्याने आणखी एक घड झेलला, मग विचारलं,
"सर, रोजना कितला?"

सव्वीस वर्षांच्या नोकरीत
असा सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.
पोहे, मी म्हणालो. बूट. परीक्षेची फी मी भरीन.
बाहेरगावच्या सामन्यांना एसटीचं भाडं.
तो हसला. मुकादमही हसला.
मग दोघं बाजूला जाऊन काहीतरी बोलले,
आणि मुकादमाने येऊन सांगितलं,
दोन गाड्या भरून झाल्या की पाठवतो,
साडेनवाच्या आधी नाही.

अशा रीतीने आमच्या संघाच्या सरावाची वेळ
केळीच्या मुकादमाने ठरवली.

सोमवारी नऊ जण आले.
गोलच्या खांबांवरून हॉस्टेलची धुणी काढली,
बाभळीचे काटे वेचले, चुन्याच्या जागी राख टाकली.
ऊन चांगलंच वर आलं होतं.
गोकुळ आला तेव्हा अंगावर केळीचा चीक,
काळे डाग, धुऊन न जाणारे.

इरफानने पहिला चेंडू मारला, सणसणीत.
गोकुळने तो अडवला नाही.
तो चेंडूबरोबर मागे गेला,
गुडघे वाकवले, छाती आत घेतली,
आणि दोन्ही हातांनी
तो गवतावर अलगद टेकवला.
वर हात फिरवून क्षणभर देठ शोधला.

पोरं खदाखदा हसली.
"डाग पडी जाई ना, सर,"
तो म्हणाला, आणि स्वतःही हसला.

गोलकीपरने चेंडू खाली ठेवायचा नसतो,
लगेच दूर फेकायचा असतो.
उद्या सांगेन.

आज मी फक्त शिट्टी वाजवली
आणि नवव्या नावापुढे शाईने खूण केली.
दोन जागा अजून रिकाम्या आहेत.
दिवाळीला अवकाश आहे थोडा.
पेट्रोल टाकून
उद्या पुन्हा वैजापूर.