सौम्य आम्ल

अठ्ठेचाळीस तासांनी प्लेट टाकून द्यायची, असा नियम.
सूरच्या आमच्या इस्पितळात इन्क्युबेटर एकच,
फळ्या तीन, त्यातली मधली वाकडी.
रोज नव्याला जागा हवी असते.

याकूब सरखोत, शिंपी, वय एक्केचाळीस, गाव खेडजवळचं.
पोटावर टाक्यांची तिरकी ओळ,
तिच्याखाली बहिणीचं मूत्रपिंड, चार वर्षांपूर्वी बसवलेलं.
तीन आठवडे ताप.
छातीच्या फोटोत सुपारीएवढी गाठ.

थुंकी दोनदा आली, दोनदा मी क्षयासाठी रंगवली:
आधी लाल, खालून ज्योत,
मग वीस टक्क्यांचं आम्ल, मग निळा.
सगळं निळंच.

डॉक्टर मुअतसिम दारातूनच बोलतात,
बुटांना धूळ आहे म्हणून आत येत नाहीत.
म्हणाले, क्षयाची औषधं आज सुरू करता येतील,
पण त्यातलं एक त्याची रोजची गोळी खाऊन टाकेल,
ती गोळी, जिच्यामुळे शरीर
बहिणीला परकी म्हणत नाही.
आणि रक्तात ती किती उरली हे मोजायला
नमुना मस्कतला जातो, बर्फात, रविवारी आणि बुधवारी,
ड्रायव्हर रजेवर नसेल तर.
"थांबू का अजून थोडं?"
मला विचारत होते.
वेंगुर्ल्याची मी, बारा वर्षं भिंगाला डोळा लावून बसलेली.
एरवी मला नुसता आकडा विचारतात.

प्लेट ठेवली.
चिकटपट्टीने बंद करून, वाकड्या फळीवर, अगदी मागे.
तिसऱ्या दिवशी काही नाही.
चौथ्या दिवशी खडूची भुकटी पडल्यासारखं.
पाचव्या दिवशी कोरडे पांढरे ठिपके,
तारेने उचलायला गेले तर उचलेनात,
मुळं धरून बसलेले.
प्लेट हुंगायची नाही, हे पहिल्याच वर्षी शिकवतात.
मी हुंगली नाही. वासच आला,
रिकाम्या माठाच्या बुडाचा.

मग आम्ल पातळ केलं. एक टक्का.
आम्ल पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही,
हे पुटपुटत, जणू कुणी परीक्षा घेतंय.
आणि भिंगाखाली ते दिसलं:
गुलाबी, बारीक, फांद्या फुटलेलं,
मधेमधे मणी तुटलेलं.
करड्या हाताने धुतलं की हे रंग सोडतं.
दोनदा मीच तो धुऊन टाकला होता.

औषध कपाटात सगळ्यांत खालच्या कप्प्यात,
सगळ्यांत स्वस्त, जुन्या पांढऱ्या गोळ्या,
मुदत संपायला पाच महिने.
रोज पोटॅशियम बघायचं, ते इथे होतं.
मेंदूत शिरलंय का हे बघणारं मशीन मात्र बंद.
डॉक्टरांनी दोरा मागवला, सुई मागवली.
याकूबने दिव्याकडे न बघता
पहिल्याच झटक्यात ओवली,
आणि सवयीने दोऱ्याला गाठसुद्धा मारली.
डॉक्टर हसले. मग त्यांनी डोळे पुसले की चष्मा,
ते मला दारातून नीट दिसलं नाही.

मी त्याला विचारलं, माती उकरली होती का कुठे?
नाही म्हणाला.
मग म्हणाला, गच्चीवर तेलाचा डबा आहे,
मायाळू लावलीय. हाताने भुसभुशीत करतो रोज.
शहाणा माणूस, गोळ्या घड्याळ लावून घेणारा,
कबुतरं हाकलणारा, सॅलड न खाणारा.
बिया कुणी पाठवल्या,
हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात ताप उतरला.
गोळ्या अजून वर्षभर, असं डॉक्टर सांगतात,
आणि कपाटात त्या आहेत पाच महिन्यांच्या.
मी फार्मसीला चिठ्ठी लिहिली. परत लिहिली.

मस्कतहून कागद आला अकराव्या दिवशी:
रक्तातली पातळी, दशांशासकट,
अकरा दिवसांपूर्वीच्या याकूबची.
तो फाइलला लावला.
प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये गेली, आणि तिच्या जागी
कुणा सालिमा बिन्त रशीदची लघवी,
अठ्ठेचाळीस तासांसाठी.