एस

कोळंबच्या पुलावर वारा असला की
सायकल हातात धरून चालायचं
आणि ओठांत स्पेलिंगं.
आठवी ब.
खिडकीचे गज खाऱ्या हवेनं फुगलेले,
खडूसुद्धा दमट, फळ्यावर उठायचा नाही.
चौगुले सर कागलचे.
समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला
तो नोकरीची ऑर्डर खिशात घेऊन.
मासळीच्या वासानं नाकाला रुमाल लावायचे,
पण इंग्रजी शिकवताना
जोर काढल्यासारखे घामाघूम व्हायचे.

'आयलंड'मध्ये एस लिहायचा.
म्हणायचा नाही.
मग लिहायचा कशाला, अनंत मेथरनं विचारलं.
सर म्हणाले, असतो तो.
बसलेला असतो.
खिडकीतून किल्ला दिसत होता,
चारी बाजूंनी पाणी.
मी तास संपेपर्यंत बघत राहिले,
यात नेमका कुठे बसला असेल.

तिमाहीला निबंध आला, 'माय मदर'.
गाईडात तो तयारच होता:
माझी आई गृहिणी आहे,
ती सहाला उठते, देवपूजा करते, मला दूध देते.
त्या दिवशी सगळ्या वर्गाच्या आया
सहाला उठल्या
आणि दूध घेऊन उभ्या राहिल्या.
माझी तीनला उठली.
सर्जेकोटच्या बंदरावर टोपली घेऊन गेली,
लिलावात तांडेलाशी भांडली,
परत रिक्षावाल्याशी भांडली,
आणि उजाडायच्या आत मालवणच्या बाजारात
फळकुटावर पाणी मारून बसली.
एवढं सगळं मला लिहायचं होतं.
माझ्या इंग्रजीत मावलं ते इतकंच:
माय मदर सेल फिशेस.

वही परत आली.
एक एस लाल पेनानं काढलेला,
एक लाल पेनानं जोडलेला.
मासे कितीही असोत, फिश.
आणि ती एकटी म्हणून, सेल्स.
दहापैकी चार.

रात्री आई हातांना लिंबू चोळत होती.
तिला वाचता येत नव्हतं,
पण लाल दिसत होतं.
'ह्यां काय गो?'
मी सांगितलं.
गिऱ्हाईक भाव पाडतं तेव्हा ऐकते तसं
तिनं मान खाली घालून ऐकून घेतलं.
'म्हणजे टोपलीभर आसले तरी एकच?'
होय.
'मगे वाटे कसे घालतत ते?'

मी पुस्तक चाळलं. व्याकरणाचं पान चाळलं.
बांगडा, तारली, पेडवे, सौंदाळे,
मोरी, इसवण, काट्यांनी भरलेली ती मोतयाळ,
सगळे एका शब्दात कोंबलेले,
बर्फाशिवाय.
वाट्यांचं कुठेच काही नव्हतं.

मग तिनं दुसऱ्या एसवर लिंबाचं बोट ठेवलं.
'आणि ह्यो?'
हा तू एकटी आहेस म्हणून.
बाबा तेव्हा गोव्याच्या ट्रॉलरवर,
चतुर्थीला येईन म्हणालेले.
मला वाटलं, ती गप्प होईल.
'एकटी खंय गो? सतरा जणी बसतंव आमी.'
शाई ओली होऊन फरफटली.

सकाळी मी सरांना विचारलं,
'दे सेल' लिहिलं तर?
सर थोडा वेळ वहीकडे बघत राहिले.
म्हणाले, नियमानं बरोबर आहे,
पण प्रश्न एका आईचा होता.
चारचे चारच राहिले.

दोन वर्षांनी सरांची बदली झाली.
जायच्या आदल्या दिवशी बाजारात आले,
रुमाल न लावता.
मी आईशेजारी सुट्टे पैसे मोजत होते.
त्यांनी बांगड्याचा वाटा मागितला,
भाव केला नाही, म्हणजे फसलेच असते,
पण आईनं नेहमीचाच सांगितला.
मग वाट्यावर एक जास्तीचा टाकून म्हणाली,
'ह्यो तुमचो येस, मास्तरानू.'

सर काहीच म्हणाले नाहीत.
कापडी पिशवी घेऊन स्टँडकडे गेले.
तळाशी ओल उतरत होती,
आणि आत तो होता.
बसलेला.