बाहेरचा पहारा

लूनेनबर्गमध्ये मार्च म्हणजे अजून हिवाळाच.
धक्क्यावर बर्फ साचतंय.
एल्वूड झिंक, वय एकाहत्तर, टगबोटीवरचा निवृत्त इंजिनिअर,
वाटाण्याचं सूप मंद आचेवर ठेवतो, हेडफोन चढवतो
आणि बरोबर नऊला तलवार उपसून उभा राहतो
एका दाराशी, जे कुठेच नाही.

आत लॉज भरलंय.
लॉज म्हटलं की आपल्याला बादली आठवते,
चादरीचे वेगळे पैसे, रजिस्टरात खोटं नाव.
हे तसलं नव्हे. हे बंधूंचं, शपथेचं.
(खोटं नाव मात्र इथेही चालतं.)
फरशी होबार्टच्या एका दंतवैद्याने सुट्टीत बसवली,
खांब रेसिफेहून आले, फुकट,
छताला तारे कुणी लावले
ते कुणालाच आठवत नाही.

एल्वूडचं काम एकच. बाहेरच्याला बाहेर ठेवायचं.
ते तो मनापासून करतो,
जरी त्याला माहीत आहे की कॅमेरा भिंतीतून जातो,
की शेजारच्या बेटावर पंख लावून हिंडणारी कुणी पोरगी
माउसचं चाक फिरवते आणि सगळं बघते,
मेणबत्त्या, आसनं, कोण कुणापुढे किती वाकतं.
भिंतींना कान असतात म्हणे.
इथे भिंतींना भिंतपणच नाही.

आणि हात.
खरी खूण तर हातात असते,
अंगठा कुठे टेकवायचा, किती वेळ.
इथे हातातून हात आरपार निघून जातो, धुक्यासारखा.
झाकली मूठ सव्वा लाखाची, कबूल,
पण बोटंच मिटत नसतील तर?

मग उघडंच ठेवू या, असं प्रमुख म्हणाले.
दारावर पाटी लावू: या, बसा, बघा.
मतदान झालं. विरोधात दोन मतं.
एक एल्वूडचं.
दुसरं उत्तरेच्या कोपऱ्यातल्या पाणकावळ्याचं,
निळा कोट, तीन वर्षांत एक अवाक्षर नाही.
त्याने त्या दिवशी पहिल्यांदा लिहिलं:
टाकीचं झाकण आणि माणसाचं तोंड,
उघडं राहिलं की पाणी शिरतं.

एल्वूडचा हात कीबोर्डवरच राहिला.
हे वाक्य त्याने एकाच माणसाकडून ऐकलं होतं,
इंजिनरूममध्ये, पाना आपटत बोलणाऱ्या बापाकडून.
ऐकणारे दोघेच. एक तो.
दुसरा लोरिन, महोन बेला राहतो,
अकरा किलोमीटरवर.
‘डोरोथिया’ विकली त्या दिवसापासून, एकोणीस वर्षं,
आईला पुरतानाही दोघे खड्ड्याच्या दोन टोकांना.

मग त्याला स्वतःचं इथलं नाव दिसलं,
डोक्यावर तरंगणारं, पांढऱ्या अक्षरांत.
पहिल्या दिवशी सुचेना म्हणून टाकलेला
बोटीचा नोंदणी क्रमांक.
म्हणजे तीन वर्षं
दर मंगळवारी
तो हे वाचून आत गेलाय.

आज पुन्हा मंगळवार.
पाणकावळा दाराशी येतो.
कोण आहे? एल्वूड विचारतो. नियमच आहे.
एक भाऊ. उत्तरही नियमातलंच,
सगळे हेच देतात, दंतवैद्यसुद्धा.
तलवार खाली येत नाही.
पाणकावळाही हलत नाही.
आत सगळे खोळंबलेत, कुणीतरी घंटा वाजवतंय.

रस्त्यावरून बर्फ काढणारी गाडी जाते,
पातं डांबरावर खरवडत, पश्चिमेकडे.
खिडकीची काच थरथरते. सूप करपल्याचा वास.
एल्वूड उठत नाही.

पंचवीसेक मिनिटांनी
हेडफोनमध्ये, पलीकडच्या कुणाच्या तरी
चुकून उघड्या राहिलेल्या माइकमधून,
आधी दूर, मग जवळ,
तीच गाडी जाते.