सोमवारी, सात नंबर

सोमवारी मेंबर येत नाहीत.
चेंबूरचं हिरवं मैदान त्या दिवशी
गवत कापणाऱ्यांचं, घारींचं
आणि आमचं.

माझ्याकडे एकच काठी. सात नंबर.
दांडा एकाचा, डोकं दुसऱ्याच्या मोडक्या काठीचं,
मुठीला सायकलची ट्यूब.
पण माझं नाव आहे तिच्यावर,
खिळ्यानं कोरलेलं.

शिकवलं कुणी नाही.
वाशी नाक्यामागच्या उतारावर
वाकवलेली सळई घेऊन
डांबराच्या गोळ्या उडवल्या,
त्यात जमलं तेवढं.
मग बावीस वर्षं लोकांच्या बॅगा.
घरचे म्हणतात, एवढं जवळून पाहिलंस,
तुला तर सगळं येत असणार.

काय पाहिलं?
कॅडीनं साहेबाकडे बघायचंच नसतं.
त्याचे हात वर जातात तेव्हाच
आपली नजर पुढं, झाडांच्या शेंड्यांवर,
चेंडू पडेल तिथं आधीच जाऊन बसलेली.
हरवला तर बोलणी आपल्याला.
म्हणजे बावीस वर्षं मी
फटक्याचा शेवट पाठ केला.
सुरुवात नजरेआडच होत राहिली.

दहातले तीन लागतात.
ते तीन असे,
की रिफायनरीच्या धुराड्यानं वळून बघावं.
बाकीच्यांतला एक गवतावरून सरपटतो,
एक बाभळीत,
एकदा काठीच जमिनीत रुतते
आणि रात्री भाकरी मोडताना मनगट आठवण देतं.
उरलेल्यांबद्दल न बोललेलं बरं.

पोशाकाका ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यातला,
माझ्याआधीचा कॅडी, गुडघ्यांनी घरी बसवलेला.
तो सोमवारी येतो, सावलीत बसतो.
परवा उठला.
तंबाखूच्या डबीतला चुना
बोटानं काठीच्या तोंडाला फासला.
"मार."
मारलं. चुन्यावर खूण उठली टाचेजवळ.
पुन्हा चुना, पुन्हा मारलं. या वेळी पार टोकाला.
तिसऱ्यांदा खालच्या कडेला, जेमतेम ओरखडा.
काका बघत राहिला.
"चेंडू तर जागचा हलत नाय.
मग हलतंय कोण?"

उजव्या बगलेत रुमाल दिला, पडू द्यायचा नाही.
हात कमरेपर्यंतच न्यायचे, तिथूनच परत.
तासभर नुसतं तेवढंच,
विहिरीचा रहाट रिकामा फिरवावा तसं.
खुणा जवळ जवळ येऊ लागल्या,
एकमेकींना ओळखू लागल्या,
पण पूर्ण फटका घेतला की पुन्हा पांगापांग.

"मुंडी उचलतोस."
"चेंडू कुठं जातो ते बघायला नको?"
"ते मी बघतो," काका म्हणाला,
आणि माझा घामट टॉवेल
स्वतःच्या खांद्यावर टाकून
चार पावलं मागं जाऊन उभा राहिला.
"आज तुझा कॅडी मी."

माझ्या मागं असं कुणी
कधी उभं राहिलं नव्हतं.
पाय कुठं ठेवावेत ते क्षणभर सुचेना.

मग वर. मग खाली.
आवाज आला,
दाराची कडी एकाच झटक्यात बसावी तसा.
हातांना काहीच कळलं नाही.
मी खालीच बघत होतो.
जिथं चेंडू होता तिथं दबलेलं गवत,
त्यातलं एक पातं सावकाश उठत होतं.
एवढी वर्षं या मैदानात,
हे कधी पाहिलं नव्हतं.

"कुठं गेला, काका?"
काका कपाळावर हात धरून, उन्हाकडं तोंड,
एका डोळ्यात मोतीबिंदू,
शीवच्या हॉस्पिटलची तारीख पुढच्या महिन्यातली.
"दिसला नाय," म्हणाला.
"आवाज बरा होता."

काठी उलटी करून बघितली.
मधोमध, मसुरीएवढी खूण.
चुना पुसला नाही.
तशीच खांद्यावर टाकली आणि निघालो अंदाजानं,
तो डावीकडं शोधत, मी उजवीकडं.