मधले सहा तास

इनारी तळ्याकाठी नोव्हेंबर अर्धा सरला.
सूर्य डोकं वर काढतो तोही कमरेत वाकून,
दोन आठवड्यांनी तेवढंही नाही.

माझ्याकडे हवा फाईलमधून येते:
मध्यरात्री एक आकडा, पहाटे सहाला एक,
मग बाराला, मग संध्याकाळी सहाला.
मॉडेलला मात्र दर अर्ध्या तासाला भूक लागते.
आ वासून विचारतं,
आता किती गार? आता किती ऊन? वारा?
आणि मधलं काहीतरी
मला ताटात वाढावं लागतं.

तापमानाचं सोपं वाटायचं.
ते आपलं नाकासमोर चालतं.
उणे आठपासून उणे दोनपर्यंत
पट्टी ठेवली, रेघ ओढली,
कुणाचं फारसं बिघडलं नाही.

उन्हाला रेघ चालत नाही.
पहिल्या वर्षी ओढली होती,
तर मार्चमधे सगळं रान झोपेत असताना
माझ्या नकाशावर तीन वाजता फटफटलं
आणि अंधारात बर्फ वितळू लागला, बिनबोभाट.
मग शिकले. ऊन वाटायचं सूर्याच्या कोनाप्रमाणे,
तो उंच तर वाटा मोठा,
तो क्षितिजाखाली तर हाती शून्य.
पण या अक्षांशावर, वर्षाच्या या टोकाला,
कोनच इतका बारीक होतो
की त्यानं भागायला जावं
तर भागाकार उधळतो.
गेल्या हिवाळ्यात एका दुपारी मॉडेलनं
इनारीवर वाळवंटाचं ऊन पाडलं.
अर्धा तास.
रौनी इतकी हसली की तिची कॉफी सांडली.
मी त्या ओळीला कुंपण घातलं
आणि दिवसभर कुणाशी बोलले नाही.

मंगळवारी नीलास आला.
दाराशी बूट न काढता, तसाच आत.
टेबलावर त्यानं एक तुकडा ठेवला,
पाटीएवढा रुंद, पुठ्ठ्याएवढा जाड, आरपार दिसणारा.
खाली दोन काड्या अडकलेल्या, थोडं शेवाळ.
म्हणाला, विचार तुझ्या यंत्राला, हा कुठून आला.

विचारलं.
यंत्राच्या मते शुक्रवारी रात्री भुरभुर बर्फ पडला,
सहाच्या सहा तास, सारखा,
पाच मिलिमीटर पाण्याचा, नीट वाटून,
पंगतीत कुणी उपाशी राहू नये तसा.
सहाला उणे सहा होतं, मध्यरात्री उणे तीन.
मधली रेघ शून्याला शिवलीच नाही.

नीलास म्हणाला, नऊला वारा फिरला.
झोपडीच्या छपरावरून थेंब ऐकू आले.
चाळीस मिनिटं पाऊस. खरा, ओला.
मग आकाश उघडलं आणि सगळं थिजलं.
आता रेनडिअर खुरानं उकरतात,
खालचं शेवाळ त्यांना दिसतं, वासही येतो,
तोंड पोचत नाही.
एका मादीच्या खुराला रक्त आलंय.
या थराला त्याच्या भाषेत नाव आहे, चुओह्की.
माझ्या फाईलमधे रकाना नाही.

मी पर्याय चाळून पाहिले.
पाऊस सगळ्यांत सारखा वाटता येतो,
जवळच्या नोंदीला चिकटवता येतो,
एकदम ओतता येतो कुठल्यातरी एका अर्ध्या तासात.
कुठल्या, ते कुणीच सांगत नाही.
शेवटी त्या एका रात्रीपुरतं
हातानं लिहिलं: नऊ ते नऊ चाळीस.
शेजारी शेरा: नीलासनं ऐकलं.
मॉडेल पुन्हा चालवलं आणि थर आला.
दीड सेंटिमीटर.
नीलासनं बोटांच्या चिमटीत मापून पाहिलं,
मान हलवली, कमी आहे म्हणाला.

माझ्याकडे चाळीस वर्षांच्या रात्री आहेत,
आणि बहुतेक रात्री छपराखाली
कान देऊन कुणी बसलेलं नव्हतं.

तो चाऱ्याच्या गोण्या आणायला निघून गेला.
तुकडा टेबलावरच राहिला.
एकदा पाहिला तेव्हा कडा गोल झाल्या होत्या,
पुन्हा पाहिला तेव्हा काड्या मोकळ्या.
मधे केव्हातरी
पाणी कीबोर्डखाली शिरलं होतं.