धोट्याला चार नावं

पुस्तकं बंद झाली ती भाद्रपदात.
कुणीतरी एका ओळीखाली पेन्सिल ओढली होती,
आणि साहेबांना त्या ओळीपेक्षा
पेन्सिलीचीच भीती वाटली.

हत्तुरे सर म्हणाले, बरं झालं,
आता आपल्याला खरंच काय येतं ते कळेल.
शिलालेख वाचण्यात डोळे घालवलेला माणूस,
बराकीच्या भिंतीवरचे पोपडेसुद्धा
हळेकन्नड असल्यासारखे निरखायचा.

दुपारी तीन ते चार. जर्मनची ताटं घासून झाली
की लिंबाखाली वर्ग.
कुंभोजकरांनी ज्वारीच्या दाण्यांवर अनंत शिकवला.
दाणे संपले, अनंत उरला,
मग मुंग्या आल्या.
मुनीर नदाफ फारसी म्हणायचे, तोंडपाठ;
अडले की हवेत हात झटकायचे,
आजोबांचं पिंजण चालवल्यासारखा,
आणि पुढची ओळ सुटून यायची.

मी एकोणीस वर्षांचा, पत्रकांच्या गठ्ठ्यासकट सापडलेला.
मला कुणी काही विचारत नसे.

बाबा पंधरवड्यानं यायचे, चादरीच्या कारखान्यातून थेट,
केसांत कापूस.
शेंगाचटणीचा डबा जेकार्डच्या बाद पुठ्ठ्यांत बांधलेला.
भोकांच्या पुठ्ठ्यावर कोण काय लिहिणार,
म्हणून शिपाई सोडून द्यायचा.
आम्ही भोकांच्या मधल्या जागेत लिहिलं.

मागाचा शब्दकोश. कल्पना नदाफांची.
या गावात एकाच मागाला
चार भाषांत शिव्या बसतात, ते म्हणाले,
तर नावंही चार असणार.
ताणा. पडुगु. हासु.
सगळं नीट चाललं होतं धोट्यापर्यंत.

मराठीत धोटा, आमच्या घरात नाडे, कन्नडात लाळी.
पण धोटा आला कुठून?
हत्तुरे म्हणाले, दक्षिणेतून.
कुंभोजकर म्हणाले, काहीही.
त्यांचा विषय गणित, तरी म्हणाले.
अकरा दिवस दोघं बोलले नाहीत.
एकाच सतरंजीवर, पाठीला पाठ,
आणि मीठ मागायचं तर माझ्यामार्फत.

मुलाखतीचे मिनिटं दहा.
जाळीपलीकडे बाबा. शिपाई म्हणाला, मराठीत बोला,
तेलुगू मला समजत नाही.
आईचा दमा विचारायचा होता.
मी विचारलं, बाबा, धोट्याला धोटा का म्हणतात?

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. शिपायाकडं पाहिलं.
"हे विचाराय बसलास व्हय?"
मग तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला,
तुटक्या मराठीत, शब्द हातानं चाचपत:
"हात चालू असला की त्याला नाव नसतंय.
निसटून कुणाच्या डोळ्याला लागला
की मग सगळे विचारतेत, हे काय हाय म्हणून."

शिपायानं वहीत लिहिलं: संशयास्पद शब्द, धोटा.

मी बराकीत जसंच्या तसं सांगितलं.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग कुंभोजकर म्हणाले, हे व्युत्पत्तीचं उत्तर नाही.
हत्तुरे म्हणाले, नाहीच.
अकरा दिवसांत पहिल्यांदा एकमत.
आणि आईचा दमा?
नदाफांनी विचारलं.
मी विसरलो होतो.

हत्तुरेंना दिवाळीत नाशिकला हलवलं, पहाटे;
एक चप्पल लिंबाखाली राहिली.
पुढं त्यांची बातमी आली, ते आले नाहीत.

पुठ्ठे माझ्याकडे आहेत, दोनशे बारा.
गिरणीच्या जागी आता मंगल कार्यालय आहे.
नातवाला वाटतं, आजोबांनी कसलं तरी तिकीट जपलंय.

मध्यंतरी मिरजेहून पोस्टकार्ड आलं होतं.
अक्षर हललेलं, पत्ता मात्र पिनकोडासकट बिनचूक.
पुरावा अजून नाही, कुंभोजकरांनी लिहिलं होतं,
पण अलीकडे रात्री वाटतं
की हत्तुरेचं बरोबर असावं.
तुला कळवतो,
कारण त्याला कळवायची सोय नाही.

खाली, रेघ मारून:
तुझ्या आईचा दमा कसा आहे,
ते तेव्हा राहून गेलं.