वारा परला

ठराव क्रमांक चार: गच्चीवर पवनचक्की बसवावी.
बाजूने एकोणीस, विरोधात दोन.
एक मी. दुसरे वैती आजोबा,
त्यांनी लिफ्टमधल्या आरशालाही विरोध केला होता.

मी रात्रपाळीची नर्स, दिवसा झोपते.
तुमची गच्ची म्हणजे माझं छत,
हे सभेत उभं राहून सांगितलं.
खजिनदार सबनीसांनी कागद पुढे केला:
आवाज फ्रिजपेक्षा कमी.
फ्रिज, म्हटलं, माझ्या डोक्यावर नसतो.

बसवायला आला युवराज देवरे, साक्रीकडचा,
बोल्ट दातांत धरून बोलणारा.
त्याच्या गावामागच्या डोंगरावर मोठ्या चक्क्या,
एकेक पातं चार एसट्यांएवढं.
"ऊन कललं की सावली घरात शिरते, मॅडम.
ताटावरून जाते, येते, जाते.
चुलती दरवेळी पदर सावरते, कोण आलं म्हणून."
जमीन काकाची गेली. पैसे आले, बुलेट आली,
दोन वर्षांत बुलेटही गेली.
आणि वीज?
"ती मोठ्या तारेनं इकडंच येते.
आमच्याकडं सांजेला जाते."
तो हसला.
त्याच्या चहात मी साखर घालायची विसरले.

ऐरोलीला अकराच्या सुमारास
खाडीवरून खारा वारा उठतो,
कांदळवनाचा चिखल हुंगून येतो,
आणि माझ्या छताला लागते
बारीक बुडबुड:
ऑक्सिजनच्या बाटलीत पाणी बोलतं तशी.
ती ऐकत मी बारा वर्षं जागी राहिले आहे,
झोपायचं कसं?

जुलैत अख्खा सेक्टर अंधारात गेला.
आमच्या जिन्यात मात्र चौदा दिवे.
वैती आजोबा ते मोजत उतरले,
चौदावा मिणमिणतो म्हणाले.
पंपाचं आणि जिन्याचं बिल
एकवीसशेनं उतरलं;
सबनीसांनी नोटीसबोर्डावर लावलं, लाल शाईत.

मग टाकीपाशी पाकोळी सापडली,
पंख मिटलेले, चोचीवर रक्ताचा ठिपका.
बी विंगची शाल्मली, नववीतली,
तिच्या वहीत दोन रकाने:
पातं. काच.
समोरच्या टॉवरची अख्खी भिंत काचेची,
तिच्यात आभाळ आभाळासारखंच दिसतं.
पोरीनं बराच वेळ पेन चावलं,
मग दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर
प्रश्नचिन्ह काढलं.
काच बसवताना कुणी कुणाचं मत घेतलं होतं?
खाडीत रोहित उतरतील तेव्हा काय,
तिनं मला विचारलं. मी नर्स आहे, म्हटलं.

ऑक्टोबरात चक्की उभीच राहिली.
नऊ दिवस.
सबनीस मीटरकडे बघत
जसे नातेवाईक मॉनिटरकडे बघतात.
बाबा दिवाळ्याहून आले होते,
शिडाच्या होडीवर उमर गेलेला माणूस.
गच्चीवर त्यांनी बोट ओलं करून वर धरलं.
"वारा परला," म्हणाले.
मग काय करायचं?
"काय करतं? वल्ही काढायची."
एवढंच, आणि खाली येऊन झोपले,
माझ्याच पलंगावर, घोरत, फ्रिजपेक्षा जास्त.

दिवे त्या नऊ दिवसांतही लागलेच.
ती वीज कुठून आली
हे विचारायला मी कधी सभेत उभी राहिले नव्हते.
तिथेही धुराड्याखाली
एखादी रात्रपाळी करून आलेली असेल,
वाळत घातलेल्या चादरीवरची राख झटकून
तीच पांघरून झोपत असेल.
तिचं मत कुठल्या ठरावात?

यंदाचा ठराव क्रमांक दोन: दुसरी चक्की.
सबनीस जिन्यात भेटले. सिस्टर, या वेळी?
तोंडातून निघून गेलं,
बी विंगवर बसवा.
तीन पायऱ्या उतरले
आणि माझी मलाच लाज वाटली.
परत वर गेले.
बी विंगच्या सातव्या मजल्यावर
कोण राहतं, दिवसा झोपतं का,
घंटी वाजवून आधी विचारावं म्हणून.

दार उघडायला वेळ लागला.
आतून कुणीतरी
झोपेतल्या आवाजात म्हणालं, कोण आहे?